यंदाच्या वाचनातलं सर्वांत आवडलेलं: 'माझा प्रवास'

वर्षभरातल्या वाचनातून एकच पुस्तक निवडायचं, तर मी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' निवडेन. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857 साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरातच होता. इंग्रज आत शिरल्यावरची कत्तल, लपाछपी, लूट हे सगळं सामान्य माणसाच्या नजरेतून येतं, म्हणून अंगावर काटा येतो. एवढं सोसून गडी गंगेची कावड घेऊन घरी परतला! चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये संपादित करून ते छापलं. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती 1966 ची. मिळाली तर तीच वाचा, गोडसे भटजींची बोली तिथे जास्त जिवंत आहे.

दुसरं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (1939). युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू प्रवासी आणि चक्रधर-हॅर्टाचं प्रेम. जेमतेम जाडीची कादंबरी, पण मला ती मराठीतल्या सर्वोत्तम कादंबऱ्यांत वाटते. माडगूळकरांची 'बनगरवाडी'ही पुन्हा वाचली, तितकीच आवडली.

तुमचं यंदाचं लाडकं पुस्तक कोणतं? का आवडलं तेही लिहा, पुढच्या वर्षीची यादी त्यावरूनच करणार आहे.