अभिमानाच्या प्रतीकाभोवती प्रदूषणाची चौकट : पहिल्या वसुंधरा दिनाच्या भित्तिचित्राची भाषा

अमेरिकेत २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळण्यात आला. सुमारे दोन कोटी नागरिक त्यात सहभागी झाले. त्यासाठी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी केलेले भित्तिचित्र दृश्य प्रचाराचा नमुना म्हणून आजही अभ्यासण्याजोगे आहे.

चित्राच्या मध्यभागी ‘बाल्ड ईगल’ हा पांढऱ्या डोक्याचा गरुड आहे. भोवती कृष्णधवल छायाचित्रांची दाटी आहे : प्रदूषित शहरे, दूषित पाणी, भंगाराचे ढीग, खाणकामाने ओरबाडलेली जमीन आणि अस्तित्व धोक्यात आलेला गोरिला. वृत्तपत्रांच्या कात्रणांप्रमाणे एकमेकांना खेटून मांडल्यामुळे ही दृश्ये कल्पना न वाटता पुरावा वाटतात. नजर प्रथम मोठ्या आकाराच्या गरुडावर स्थिरावते, कडेकडे सरकते आणि तेथे कोठेही विसावा न मिळाल्याने पुन्हा मध्यभागी परतते. घोषणा नाही, उपदेश तर नाहीच.

गरुडाची निवड हेच या चित्राचे मर्म होय. १७८२ पासून तो अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला दोषी न ठरवता चित्रकार त्याच्या राष्ट्राभिमानालाच हात घालतो. १९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या गरुडाच्या विणीच्या पाचशेहूनही कमी जोड्या उरल्या होत्या.

मात्र येथेच छायाचित्राची मर्यादाही उघड होते. भंगार कॅमेऱ्यात सापडते. डीडीटी सापडत नाही. हे कीटकनाशक माशांवाटे गरुडाच्या शरीरात जाई, अंड्यांचे कवच पातळ होई आणि उबवतानाच अंडी फुटत. गरुडाचा खरा वैरी चित्राच्या चौकटीत दिसतच नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. २००७ मध्ये गरुड संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला.

भारतात गिधाडांचा संहारही असाच अदृश्य होता. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांवर घाला घालत असे. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. राजमुद्रेचे वलय गिधाडाला नव्हते, उलट अशुभाचा शिक्का होता. हरियाणातील पिंजोर येथील गिधाड प्रजनन केंद्राला म्हणूनच की काय, रामायणातील जटायूचे नाव लाभले आहे.