फक्त ठिपके रंगवणारं कार्ड

१९९६ साली ऑर्किड कंपनीचं 'रायचस थ्रीडी' कार्ड बाजारात आलं. कॉम्प्युटरवर थ्रीडी गेम सुरू केला की खोक्यातून स्पष्ट 'टिक्' ऐकू यायचं. कार्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पडायचा आणि मॉनिटर नव्या कार्डाच्या ताब्यात जायचा. कारण त्यातल्या 'व्हूडू' चिपांना साधं विंडोज दाखवताच येत नसे! त्यासाठी जुनं कार्ड तसंच ठेवून त्याची वायर या कार्डातून फिरवायची.

या चिपा थ्रीडीएफएक्सच्या. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेल्या रॉस स्मिथ, गॅरी टॅरोली आणि स्कॉट सेलर्स यांनी ती कंपनी १९९४ मध्ये काढली. त्यांची खरी हुशारी मला काय टाळायचं हे ठरवण्यात दिसते. थ्रीडी चित्र ज्या त्रिकोणांचं बनतं, त्यांच्या कोपऱ्यांचं गणित त्यांनी कॉम्प्युटरच्या पेंटियम प्रोसेसरवर सोपवलं. कार्डाने फक्त त्रिकोण रंगवायचे.

पण रंगवणं म्हणजे काय, ते बघा. ६४० × ४८० च्या पडद्यावर ३,०७,२०० पिक्सेल. सेकंदाला तीस चित्रं धरली तर ९२ लाख. शिवाय मागची भिंत रंगवल्यावर पुढचा राक्षस तिच्यावर चढतो, म्हणजे एकच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. प्रत्येक वेळी आधी 'इथे आणखी जवळचं काही आहे का?' हे तपासायचं, मग टेक्स्चरमधले, म्हणजे त्रिकोणावर चिकटवायच्या चित्रातले, शेजारचे चार ठिपके उचलून त्यांचे रंग मिसळायचे. हे मिसळणं नसलं की भिंतीजवळ गेल्यावर तिचे चौकोनी तुकडे दिसतात. व्हूडू हे सगळं सेकंदाला पाच कोटी पिक्सेलपर्यंत करू शकत होतं. १९९७ च्या जानेवारीत 'क्वेक' या गेमची थ्रीडी कार्डांसाठीची आवृत्ती 'जीएलक्वेक' आली आणि भिंतींचे ते चौकोन विरघळले.

मेमरी किती तंतोतंत मोजली होती, तेही पाहण्यासारखं आहे. कार्डावर चार एमबी, त्यातली निम्मी टेक्स्चरसाठी. उरलेल्या दोनमध्ये दिसणारं चित्र, तयार होत असलेलं पुढचं चित्र आणि प्रत्येक पिक्सेलचं अंतर, असे तीन थर. पिक्सेलमागे दोन बाइट धरले तर तिन्ही मिळून सुमारे १८ लाख बाइट. बसलं! ८०० × ६०० ला मात्र २८ लाखांवर जातं.

ती मर्यादा १९९८ च्या 'व्हूडू २'ने ओलांडली. तशी दोन कार्डं जोडली की एक सम ओळी रंगवायचं, दुसरं विषम, आणि चित्र १०२४ × ७६८ वर जायचं. विंडोजचं जुनं कार्ड धरून एका खोक्यात तीन ग्राफिक्स कार्डं. हौशी लोकांनी तीही बसवली.