दोन कोठारें आणि वेगळा वाफा



कर्जत-खालापूरकडील घरांतूनही आतां मुलें संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकूं लागलीं आहेत. ही आज्ञावली कोणी मुळापासून लिहीत नाहीं. गणित, आलेख, चित्रें यांसाठीं इतरांनीं लिहून ठेवलेले संच, म्हणजे 'लायब्ररी', आणून त्यांवर ती उभारतात. हे संच आणावे कोठून, हा आजचा विषय.

त्यांचीं कोठारें दोन. पहिलें संगणकाच्या मूळ प्रणालीचें. १९९३ मध्यें आरंभ झालेली 'डेबियन' ही लिनक्स प्रणाली घ्या. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. डेबियनचे स्वयंसेवक संच पारखतात, एकमेकांशीं जुळवितात आणि साधारण दोन वर्षांनीं नवी स्थिर आवृत्ति काढतात. ते संच 'ॲप्ट' या साधनानें मिळतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचें 'कर्जत-३' किंवा 'कर्जत-७' हें वाण चांचणीनंतरच शेतकऱ्याच्या हातीं येतें, तशीच ही रीत.

दुसरें कोठार भाषेचें स्वतःचें. पायथन भाषेचे संच 'पिप' हें साधन 'पायपीआय' या भांडारांतून आणतें. तेथें नवी आवृत्ति निघाल्याबरोबर मिळते. परंतु तेथें कोणीही आपला माल ठेवूं शकतो, त्यामुळें पारख घेणाऱ्यानेंच करावयाची.

मग दोन्हींचें बियाणें एकाच खाचरांत घातलें तर काय बिघडतें? ॲप्ट आणि पिप आपापली नोंदवही स्वतंत्र ठेवतात; पिपनें काय पेरलें हें ॲप्टला कळत नाहीं. प्रणालीचीं स्वतःचीं कांहीं कामेंही पायथनवरच चालतात. पिपनें तेथें एखाद्या संचाची निराळी आवृत्ति आणली, कीं तीच आधीं उचलली जाते, आणि जुन्या आवृत्तीवर विसंबलेलें काम अडून बसतें.

म्हणून जून २०२३ मध्यें आलेल्या डेबियन १२ पासून असें करूं गेल्यास पिप नकार देतें व वेगळा वाफा करावयास सुचवितें. या वाफ्यास 'व्हेनव्ह' म्हणतात. पायथनमध्यें त्याची सोय २०१२ पासून आहे. प्रत्येक कामाचे संच त्याच्या वाफ्यांतच राहतात; काम संपल्यावर तो खुशाल पुसून टाकावा. नकार डावलण्याचीही एक आज्ञा आहे. तिच्या नांवाचा अर्थच 'प्रणालीचे संच मोडा' असा होतो!

तेव्हां नित्याच्या वापराचें साधन ॲप्टनें घ्यावें; सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेनें येत राहतात. स्वतःच्या आज्ञावलीस नवा संच हवा असेल, तर वेगळ्या वाफ्यांत पिप वापरावें आणि त्याची निगराणी आपणच करावी.