अमेरिका की युरोप? तिचाही रकाना भरा!

एकेकाळी स्थळांच्या यादीत ‘मुलगा अमेरिकेत असतो’ एवढं एक वाक्य पुरेसं असायचं. पुढचं कुणी फारसं विचारत नसे. हल्ली मात्र पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपूरच्या कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलावर वेगळाच प्रश्न येऊन बसतो. न्यू जर्सी की म्युनिक? डॅलस की अ‍ॅमस्टरडॅम? मग वही निघते, मधोमध रेघ ओढली जाते. एका बाजूला डॉलर, दुसऱ्या बाजूला युरो. पगार, टॅक्स, घरभाडं, महिन्याकाठी शिल्लक. ही बेरीज-वजाबाकी केली की बहुतेक वेळा अमेरिका जिंकते. तिथले पगार मोठे, आणि जर्मनीसारख्या देशात टॅक्स आणि विम्यापोटी पगाराला चांगलीच कात्री लागते. हिशेबात चूक काहीच नसते. पण मैत्रिणींनो, हा सगळा हिशेब ‘त्याच्या’ ऑफर लेटरवरून मांडलेला असतो. ‘तिचा’ रकाना कोराच राहतो. तो आज भरून पाहूया.

मला काम करता येईल का?

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला एच-फोर व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून यात एक खिडकी उघडली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा आय-१४० नावाचा टप्पा मंजूर झाला, की बायको कामाचा परवाना मागू शकते. आता हा टप्पा कधी येणार, हे नवऱ्याच्या कंपनीच्या मर्जीवर. शिवाय परवान्याचं नूतनीकरण रखडलं तर आपोआप मुदतवाढ मिळण्याची सोय ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी बंद झाली. म्हणजे हातातली नोकरी असताना कागदासाठी घरी बसण्याची वेळ येऊ शकते. कंपनीनं एल-वन व्हिसावर बदली केली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बायकोला व्हिसाबरोबरच कामाची मुभा मिळते. तेव्हा ‘अमेरिकेला चाललोय’ एवढ्यावर खूश होऊ नका. कुठल्या व्हिसावर, हे आधी विचारा.

जर्मनीत ब्लू कार्डवर गेलेल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल कामगारांच्या जोडीदारालाही अशीच मोकळीक आहे. आयर्लंडनं क्रिटिकल स्किल्स परवान्यावर आलेल्यांच्या जोडीदारांना ती दिली आहे, आणि तिथे तर भाषाही इंग्रजी.

परवाना आहे, पण भाषा?

इथेच युरोपची दुसरी बाजू सुरू होते. कायद्यानं दार उघडं असलं तरी उंबरठ्यावर भाषा उभी असते. आयटीवाल्या बाईला बर्लिनमध्ये इंग्रजीवर काम मिळू शकेल. पण शिक्षिका, डॉक्टर, वकील यांचं काय? जर्मनीत डॉक्टरकी करायची तर पेशंटशी आणि सहकाऱ्यांशी सफाईनं जर्मन बोलता येतं, हे परीक्षा देऊन सिद्ध करावं लागतं, पदवीची मान्यता वेगळीच. म्हणजे दीड-दोन वर्षं वह्या-पुस्तकं घेऊन पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं. ‘या वयात कुठे आता?’ म्हणणारीनं जरा थांबून विचार करावा. कारण अमेरिकेतही डॉक्टरला नव्यानं परीक्षा द्याव्या लागतातच. फक्त त्या इंग्रजीत असतात, एवढाच दिलासा.

आणि इंग्रजीचा हा दिलासा लहान नाही हं. मुलाच्या शिक्षिकेशी बोलणं, डॉक्टरला दुखणं सांगणं, शेजारणीशी चार शब्द, सगळं पहिल्या दिवसापासून जमतं. जर्मनीत घरी आलेलं सरकारी पत्र वाचायलाही सुरुवातीला नवऱ्याची किंवा मोबाइलची वाट पाहावी लागते. पुण्यात रुबाबात मीटिंग चालवणाऱ्या बाईला हे फार टोचतं.

नोकरी गेली तर?

एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली की नवं काम शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नाहीतर सगळ्या कुटुंबानं गाशा गुंडाळायचा. मुलांची शाळा, घराचा करार, नुकतीच घेतलेली गाडी, सगळं त्या साठ दिवसांत. कंपनीकडून असलेला आरोग्यविमाही जातो, किंवा मग स्वतःच्या खिशातून महागडा हप्ता भरायचा. युरोपियन युनियनच्या नियमांत ब्लू कार्डवाल्याला किमान तीन महिने धरलेले आहेत. जर्मनीत वर्षभर कपात भरली असेल तर बेकारभत्ताही मिळतो.

कायमच्या वास्तव्याचं गणित तर फारच वेगळं. अमेरिकेत नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब, की २०२५ च्या अखेरीस ज्यांचा नंबर लागत होता, त्यातल्या अनेकांनी २०१३ च्या सुमारास अर्ज केलेले होते. लहानपणी गेलेलं मूल रांगेतच एकवीस वर्षांचं झालं, तर आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला सत्तावीस महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. जर्मन बऱ्यापैकी येत असेल तर एकवीस महिन्यांनीच.

बाळंतपण आणि आई

हा प्रश्न वहीत कुणीच लिहीत नाही, आणि सगळ्यात आधी तोच उभा राहतो. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं मिळते ती बारा आठवड्यांची रजा. तीही बिनपगारी, आणि पन्नासहून कमी माणसांच्या कंपनीला तो कायदा लागूच नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांनी पगारी रजेची सोय केली आहे, पण ती राज्यापुरती. जर्मनीत नोकरदार बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे, नंतर आठ आठवडे पगारी विश्रांती. त्यापुढे मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईला किंवा बाबाला नोकरी न गमावता रजा घेता येते.

पण आपल्या बाळंतपणाला रजेइतकीच आई हवी असते. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर आईला साधारण सहा महिने राहू देतात. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत फक्त ९०. सातव्या महिन्यात आई आली, तर बाळाचं बारसं झालं की तिची परतीची तारीख. डिंकाचे लाडू आणि बाळाची मालिश यांचं वेळापत्रक व्हिसाच्या शिक्क्यावर बसवावं लागतं!

मध्यरात्री फोन वाजला तर?

आईवडील सत्तरीकडे झुकले असतील, तर नकाशा समोर ठेवा. मुंबईहून फ्रँकफर्ट थेट विमानानं साधारण नऊ तास. न्यूयॉर्क पंधरा-सोळा. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागे, म्हणजे संध्याकाळी स्वयंपाक करता करता आईशी बोलता येतं. कॅलिफोर्नियात दिवस-रात्रच उलटी. मात्र आईवडिलांना कायमचं जवळ आणायचं असेल, तर अमेरिकेचा नागरिक झालेलं मूल त्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतं. जर्मनीत तो मार्ग फार अरुंद आहे.

मुलांचं वय बघा

दोन-तीन वर्षांचं मूल बालवाडीत गेलं की वर्षभरात जर्मन बोलू लागतं. पण बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतरच ठरतं, की मूल कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार. नऊ-दहा वर्षांचं मूल भाषा येत नसताना नेमकं त्या वळणावर नेऊन उभं करणं जिकिरीचं. अमेरिकेत बारावीपर्यंतची सरकारी शाळा मोफत, माध्यम इंग्रजी, वर्गात रुळायला सोपं. पण शाळा कुठली, हे घर कुठल्या भागात घेता यावर ठरतं. कॉलेजचा खर्च आला की पारडं पुन्हा फिरतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, अमेरिकेत त्यासाठी मुलांच्या जन्मापासून पैसे बाजूला टाकतात.

सोबतीचं म्हणाल, तर अमेरिकेत आपली माणसं भरपूर. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, मराठी शाळा आहेत, गणपती आहेत. पण बहुतेक उपनगरांत गाडी चालवता आली नाही तर दूध आणायलाही नवऱ्याची वाट पाहायची. युरोपच्या शहरात ट्राम दारात. तिथे बाई दुसऱ्या दिवशी एकटी बाहेर पडते, भाषा येवो न येवो.

तेव्हा उत्तर काय? सरसकट उत्तर नाही. पण तुमची स्वतःची पदवी आणि नोकरी आहे, मूल लहान आहे किंवा अजून नाही, आणि नवी भाषा शिकायची तयारी आहे, तर पगाराचा आकडा लहान दिसला तरी युरोपचा गंभीरपणे विचार करा. मुलं मोठी आहेत, भाषेची धास्ती आहे आणि व्हिसा एल-वनचा आहे, तर अमेरिका सोयीची. एच-फोरवर जाणार असाल, तर काही वर्षं काम करता येणार नाही हे धरूनच जा. त्या वर्षांत काय शिकणार, ते इथूनच ठरवा. बायकोच्या बुडालेल्या पगाराचा आकडाही शिलकीतून वजा करून पाहा. मग डॉलर जिंकतोच असं नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या स्वतः डॉक्टर व्हायला, गोपाळराव मागाहून पोचले. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या त्याही स्वतःच्या शिक्षणासाठी. तेव्हा सही करण्याआधी नवऱ्याला सांगा, एचआरला तीन प्रश्न विचार. व्हिसा कुठला, बायकोला काम करता येईल का, आणि ग्रीन कार्डाचा किंवा कायम वास्तव्याचा अर्ज कंपनी कधी करणार. उत्तर ईमेलवर मागा. आणि युरोपचं ठरत असेल, तर पुण्या-मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनातल्या जर्मनच्या वर्गाला आधी तुम्ही नाव घाला. त्याचं तिकीट निघेपर्यंत थांबू नका.