खुनी कळल्यावरही

रहस्यकथेची गोडी खुनी कळेपर्यंतच, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी तर १९४५ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये, रॉजर अॅक्रॉइडला कोणी मारलं याची फिकीर कोणाला, असा सवाल लेखाच्या मथळ्यातच केला. पण याच अॅक्रॉइडच्या खुनावरची अगाथा ख्रिस्तीची १९२६ची कादंबरी शेवट ठाऊक असताना (तो इथे फोडत नाही) पुन्हा वाचावी. लेखिका खोटं बोलत नाही, सोयीचं तेवढं गाळते. पहिल्यांदा नजरेतून निसटलेल्या त्या जागा आता ठळक दिसतात आणि उत्सुकतेची जागा हातचलाखीचं कौतुक घेतं. रहस्यकथेतली पात्रं सपाट असतात, हा आक्षेप बराचसा खरा. मात्र प्रत्येकावर संशय टिकवायचा तर कोणाचंही मन पुरतं उघडून दाखवता येत नाही.