एक संगणक नीट करा, वीस उभे राहतील: नेटवर्क इमेजिंगचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदियाकडून येणारा रस्ता नागपूर–रायपूर महामार्गाला जिथे मिळतो, ते कोहमारा. इथून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर. या पट्ट्यातल्या एखाद्या संगणक कक्षात वीस यंत्रांवर नव्याने विंडोज टाकायची वेळ आली, की दुरुस्तीवाला शोधण्यापासून तयारी. तो पेनड्राइव्ह घेऊन येतो. आधी विंडोज, मग ड्रायव्हर, मग ऑफिस, मग मराठी कीबोर्ड. एका वेळी तीन-चार यंत्रं लावली तरी दोन दिवस सहज जातात आणि मुलांचे तास बुडतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपल्यामुळे हे काम आता असंख्य कक्षांपुढे आलं आहे.

याला जुना, पक्का उपाय आहे. एक यंत्र नीट तयार करायचं, त्याच्या डिस्कची इमेज सर्व्हरवर घ्यायची आणि तीच केबलवरून बाकीच्या यंत्रांवर उतरवायची. १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी तयार केलेल्या ‘घोस्ट’ने ही पद्धत घरोघरी पोचवली. आज २००७ पासून चालत आलेलं ‘फॉग’ आणि तैवानमध्ये तयार झालेलं ‘क्लोनझिला’ ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. तरी लोक कचरतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा पुढचे समज असतात.

गैरसमज १: नेटवर्कवरून काम करायचं तर इंटरनेट वेगवान हवं.

वस्तुस्थिती: फॉगचा सर्व्हर पहिल्यांदा बसवताना पॅकेजेस डाउनलोड व्हावी लागतात, तेवढ्यापुरतं इंटरनेट लागतं. त्यानंतर इमेज कक्षातल्या स्विचमधूनच धावते. बाहेरची लाइन तुटली तरी फरक पडत नाही. महत्त्वाचा आहे तो स्विच. १५ जीबीची इमेज १०० एमबीपीएसच्या स्विचवरून एका यंत्रावर जायला २३ मिनिटांच्या आसपास लागतात, गिगाबिटवर अडीच मिनिटांच्या जवळपास. हा केबलचा हिशोब झाला. डिस्क मंद असेल तर वेळ वाढतो. म्हणून पैसे घालायचे तर आधी गिगाबिट स्विच आणि चांगल्या केबलमध्ये घाला. वाय-फायवर मात्र हे काम धरू नका. यंत्र नेटवर्कवरून बूट होतं ते केबलनेच.

गैरसमज २: सर्व्हर म्हणजे लाखाचं यंत्र.

वस्तुस्थिती: फॉग डेबियन किंवा उबुंटूवर चालतं आणि इमेज उलगडण्याचं कष्टाचं काम समोरचं यंत्र स्वतः करतं. ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप कक्षापुरता पुरतो. त्याला गिगाबिट कार्ड, इमेज मावतील एवढी निरोगी डिस्क आणि न बदलणारा आयपी पत्ता द्या. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी सर्व्हर आणि स्विच दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. इमेज उतरताना एखादं यंत्र बंद पडलं तर त्याचं काम पुन्हा सुरू करता येतं. सर्व्हर पडला तर सगळेच थांबतात.

गैरसमज ३: सर्व्हर बसवला की यंत्रं आपोआप त्याला सापडतात.

वस्तुस्थिती: अडतं ते बहुतेक इथेच. यंत्र नेटवर्कवरून बूट होताना (या पद्धतीला पीएक्सई म्हणतात) आधी डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी पत्ता मागतं. त्याच वेळी त्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात: बूट सर्व्हर कोणता आणि त्यावरची कोणती फाइल घ्यायची. डीएचसीपीच्या भाषेत हे पर्याय ६६ आणि ६७. मग टीएफटीपीने ती छोटी फाइल येते आणि फॉगचा मेनू दिसतो.

पडद्यावर आलेली चूक वाचली तर अर्धं निदान होतं. पीएक्सई-ई५१ दिसलं, तर डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही: केबल, पोर्ट, स्विच तपासा. पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचं नाव मिळालं नाही: पर्याय ६७ पाहा. पीएक्सई-ई३२ म्हणजे टीएफटीपी उत्तर देत नाही: सर्व्हरची सेवा आणि फायरवॉल पाहा.

ब्रॉडबँडच्या साध्या राउटरमध्ये ६६ आणि ६७ भरायची सोय बहुधा नसते. मग लोक फॉगचं डीएचसीपीही चालू करतात आणि एकाच नेटवर्कवर दोघे पत्ते वाटू लागतात. हे टाळा. एक तर इमेजिंगच्या वेळी कक्षाचा स्विच राउटरपासून वेगळा करा, नाही तर सर्व्हरवर डीएनएसमास्क प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून लावा. पत्ते राउटर देईल, फाइलचं नाव हा सांगेल. जुन्या बायोसची आणि युईएफआयची बूट फाइल वेगवेगळी असते आणि फॉगसाठी सिक्युअर बूट साधारणपणे बंद ठेवावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

गैरसमज ४: ५०० जीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीचीच होणार.

वस्तुस्थिती: फॉग आणि क्लोनझिला दोन्ही पार्टक्लोन वापरतात. ते डिस्कवरचे भरलेले ब्लॉकच उचलतं आणि वर कॉम्प्रेशन होतं. फॉगमध्ये आकार बदलू शकणारी इमेज निवडली, तर ५०० जीबीच्या डिस्कवरून घेतलेली इमेज आतला माल मावत असेल तर २४० जीबीच्या एसएसडीवरही उतरते. पण त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि यंत्र पूर्ण शटडाउन करा. बिटलॉकरही तपासा, विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्शन कधी कधी आपसूक चालू झालेलं असतं. ते काढल्याशिवाय भरलेलं काय आणि रिकामं काय हे पार्टक्लोनला कळत नाही.

गैरसमज ५: वीस यंत्रांना वीसपट वेळ.

वस्तुस्थिती: प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवला तर त्याच १५ जीबीच्या इमेजला १०० एमबीपीएसवर वीस यंत्रांसाठी साडेसात-पावणेआठ तास लागतील. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच पाठवतो आणि सगळे एकदम घेतात. वर्गात गुरुजी श्रुतलेखन घालतात तसंच हे: वाक्य एकदाच म्हटलं जातं, पण सर्वांत सावकाश लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागतं. म्हणून खराब केबलचं किंवा दमलेल्या डिस्कचं यंत्र गटातून बाहेर काढा. त्याचं नंतर वेगळं करा.

गैरसमज ६: नक्कल जशीच्या तशी उतरवली की काम संपलं.

वस्तुस्थिती: प्रत्येक विंडोजची एक अंतर्गत ओळख असते, एसआयडी. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी एसआयडी सारखा असल्याने बिघडत नाही असं मांडलं होतं आणि तो बदलणारं स्वतःचं साधनही मागे घेतलं होतं. बरेच जण अजून तेच धरून बसले आहेत. पण २०२५ च्या अपडेट्सनंतर विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांमध्ये एकच एसआयडी असलेली यंत्रं एकमेकांची ओळख नाकारतात. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही. इमेज घेण्यापूर्वी विंडोजमधलं सिसप्रेप चालवून जनरलाइज करणं, म्हणजे ही ओळख पुसणं, हा मायक्रोसॉफ्टने मान्य केलेला मार्ग आहे. लिनक्स असेल तर मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या प्रत्येक यंत्रावर नव्या बनवा.

गैरसमज ७: इमेज उतरली म्हणजे लायसन्सही आलं.

वस्तुस्थिती: फॉग मोफत आहे, विंडोज नाही. संगणकासोबत आलेल्या ओईएम लायसन्समुळे एकच इमेज अनेक यंत्रांवर टाकायचा हक्क मिळत नाही. तो व्हॉल्यूम लायसन्समधून येतो. जी यंत्रं विंडोज ११ च्या टीपीएम २.० आणि प्रोसेसरच्या अटीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी उबुंटू किंवा सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स हा सरळ मार्ग आहे. त्यावर मराठी टंकलेखन चालतं आणि लायसन्सचा प्रश्नच उरत नाही.

गैरसमज ८: इमेज आहे, म्हणजे बॅकअप आहे.

वस्तुस्थिती: इमेज त्या दिवशीच्या एका यंत्राची असते. ती उतरवली की समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं: मुलांचे प्रकल्प, कार्यालयाची पत्रं, हिशोब. फॉगमध्ये ‘कॅप्चर’ यंत्राकडून सर्व्हरवर घेतं आणि ‘डिप्लॉय’ सर्व्हरकडून यंत्रावर टाकतं. घाईत उलटं दाबलं तर कॅप्चरने चांगली इमेज जाते, डिप्लॉयने तयार केलेलं यंत्र जातं. इमेजची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि लोकांच्या फाइल्स आधी वेगळ्या काढा.

सुरुवात दोन यंत्रांनी करा. एकावरून इमेज घ्या, दुसऱ्यावर उतरवा, आठवडाभर वापरा, मग पूर्ण कक्षाला हात घाला. सर्व्हरचा पत्ता, बूट फाइलचं नाव आणि कामाचा क्रम वहीत लिहून ठेवा आणि आणखी एका शिक्षकाला किंवा मोठ्या विद्यार्थ्याला शिकवा. नागपुरात दुरुस्तीवाला गल्लीत मिळतो. कोहमाऱ्याला त्याची वाट पाहावी लागते. म्हणून या कौशल्याची खरी गरज शहरापेक्षा इथे जास्त आहे, आणि ते शिकायला लागणारं सगळं साहित्य आपल्या कक्षात बहुधा आधीच पडून आहे.