मरोद्याच्या पाण्यात मासे खेळतात?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारं पाणी तांदुळा धरणाकडून कालव्याने येतं आणि मरोदा तलावात साठतं. थंडीत दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांची नजर तिथल्या पक्ष्यांवर असते. तेवढ्यात एखादा रोहू उसळी मारतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘मासे खेळतायत बघा.’ हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच ते पारखून घ्यायला हवं.

उसळीमागे बहुतेक वेळा गरज असते. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो, आणि वर येऊन तोंडं उघडमीट करणारे मासे प्रत्यक्षात गुदमरत असतात. दगडाला अंग घासून गिरकी घेणाऱ्या माशाला कदाचित उवा झालेल्या असतात. खोकसीसारखा शिकारी मागे लागला, की बारकी कोतरी पाण्याबाहेर उडणारच.

मग खेळ ओळखायचा कसा? अमेरिकी प्राणिवर्तनतज्ज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५च्या आपल्या ग्रंथात पाच कसोट्या मांडल्या. त्या कृतीतून तत्काळ काही साधत नसावं. ती आपखुशीने व्हावी. नेहमीच्या कामाच्या हालचालीपेक्षा ती वेगळी दिसावी. पुन्हा पुन्हा व्हावी, पण साचेबंद नसावी. आणि प्राणी पोट भरलेला, निरोगी, निर्धास्त असावा. मला ही शेवटची अट सगळ्यांत मोलाची वाटते. महाडजवळच्या वाळण कोंडीत गावकरी महसीरला देवाचा मासा मानतात, मारत नाहीत. निर्धास्त मासा बघायचा तर तो अशा ठिकाणी.

बर्गहार्ट, डिनेट्स आणि मर्फी यांनी २०१५मध्ये टँगानिका सरोवरातल्या एका जातीच्या तीन नर माशांवरचा अभ्यास छापला. टाकीत बुडाशी वजन असलेला, उभा तरंगणारा तापमापक होता. मासा त्याला धडक देई, तो कलंडून परत उभा राही, की पुन्हा धडक. चित्रफितींत अशा १४००हून अधिक घटना टिपल्या गेल्या. अन्न असो वा नसो, शेजारी दुसरा मासा असो वा नसो, फरक पडला नाही. तिघांची तऱ्हा मात्र वेगवेगळी होती.

पण ती काचेची टाकी. मोकळ्या पाण्यातल्या नोंदी ई. डब्ल्यू. गजर यांनी १९४४मध्ये एकत्र केल्या. लांब चोचीचे समुद्री मासे, कोकणात ज्यांना टोळ म्हणतात त्यांच्या कुळातले, तरंगत्या काड्यांवरून आणि कासवांवरूनही उड्या मारताना अनेकांनी पाहिले होते. अंगावरचे परजीवी झटकण्यासाठी ते उडत असतील, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर मिळायचं तर तोच मासा त्याच काडीवरून परत उडतो का, हे पाहावं लागतं.

याच कुळातला गोड्या पाण्यातला मासा महानदीच्या खोऱ्यात आहे. भिलाईतले बंगाली त्याला काकिला म्हणतात. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरला, की शिवनाथ नदीवर त्याच्यासाठी बसता येईल. जवळ वाळकी काडी सोडावी. वेळ, वारा, आसपासचे शिकारी मासे, त्याने नुकतंच काही खाल्लं का, हे सगळं टिपावं. आणि त्याआधी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या ढीमर-केवटांना विचारावं: काडी ओलांडून गेलेला मासा तुम्ही मागे वळताना पाहिलाय का?